वेल्सच्या जुन्या वंशावळी आणि ढालींवरच्या चुका कशा सोडवायच्या, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत बसून

पुतण्या कार्डिफला असतोय, त्याची बायको वेल्सचीच. गेल्या दिवाळीत सूनबाईंच्या माहेरचा एक फोटो व्हॉट्सॲपवर आला. त्यांच्या आजोबांच्या दिवाणखान्यात काचेच्या फ्रेममध्ये भली मोठी वंशावळ, वरपासून खालपर्यंत नावंच नावं, आणि कडेनं घराण्यांची चिन्हं काढलेल्या रंगीत ढाली, त्यावर सिंह, पक्षी, एका ढालीवर तर चक्क तीन मुंडकी. खाली पुतण्यानं लिहिलेलं, "काका तुम्ही मोडीचे कागद वाचून लोकांच्या वंशावळी लावून देताय ना, मग हे बघा की जरा, आजोबा म्हणतात आम्ही राजाच्या वंशातले, पण मध्ये कुठंतरी गणित बसत नाही."

मी म्हटलं मला वेल्सचं काय कळतंय, माझं इंग्लिश म्हणजे दहावीचं. पण चार महिने रोज रात्री जेवणानंतर तासभर बसलो आणि लक्षात आलं की चुका करायची पद्धत सगळीकडं एकच आहे, इथं दारोदार वंशावळ म्हणणारा हेळवी आणि तिथं कवी एवढाच फरक. कोल्हापुरातली बरीच पोरं आता तिकडं आहेत, कुणाच्या सासरी असलंच काहीतरी भिंतीवर टांगलेलं असणार, म्हणून कसं करायचं ते सविस्तर लिहितोय. आपल्या भावकीची वंशावळ लावणाऱ्यालाही यातलं निम्मं कामाला येईल.

सुरुवात खालून करायची. हे मी शंभरदा सांगतो आणि शंभरातले नव्वद लोक वरूनच सुरू करतात कारण वर राजा असतो. आजोबा जिवंत आहेत ना, मग त्यांचा जन्मदाखला, त्यांच्या वडिलांचा, त्यांच्या आज्याचा, असं एकेक पायरी वर चढायचं. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे, म्हणजे तिथपर्यंत फार डोकं चालवावं लागत नाही. त्याच्या मागं चर्चची रजिस्टरं. ती ठेवायचा हुकूम १५३८ चा, पण वेल्समधल्या बहुतेक गावांची इतकी जुनी रजिस्टरं उरलेलीच नाहीत, कुठं १६०० नंतर सुरू होतात, कुठं त्याच्याही शंभर वर्षं पुढं.

वही घ्या, साधी, मोबाईलमध्ये नको. प्रत्येक बाप-लेकाच्या जोडीला एक ओळ. ओळीत चार खाने, बापाचं नाव, लेकाचं नाव, हे कोण सांगतंय, आणि सांगणाऱ्यानं ते कधी लिहिलं. चौथा खाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच सगळे सोडतात. सूनबाईंच्या घरातली वंशावळ कागद-शाईवरून बघितली तर १८९० च्या आसपास कुणीतरी पैसे देऊन काढून घेतलेली, म्हणजे १५०० सालच्या माणसाबद्दल ती जे सांगते ते चारशे वर्षांनंतरचं सांगणं झालं. त्या चित्रकारानं कुठून तरी उतरवलं असणार, ते "कुठून" शोधणं हेच खरं काम. फ्रेममधला कागद हा पुरावा म्हणून धरू नका, तो फक्त कुठं खणायचं ते सांगतो.

नावं वाचायला शिका, निम्म्या चुका इथंच आहेत

वेल्स लोकांना पूर्वी आडनावच नव्हतं. आपल्यासारखं मधलं बापाचं नाव मात्र पक्कं. आपण सदाशिव गणपतराव म्हणतो, ते मध्ये "आप" घालतात, आप म्हणजे अमक्याचा मुलगा, पुढचं नाव स्वरानं सुरू होत असेल तर "आब". मुलगी असेल तर "वेर्ख". आणि ते एका बापावर थांबत नाहीत, र्‍हीस आप दाविद आप येयान आप ग्रिफिद अशी चार-पाच पिढ्यांची आगगाडी एकाच सहीत. वंशावळ लावणाऱ्याला याच्यासारखं सुख नाही, माणसाचं नाव हीच वंशावळ.

घोळ झाला सोळाव्या शतकात. १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या कारभारात घातला, जुना वेल्श कायदा गेला, आणि हळूहळू मोठ्या घराण्यांनी इंग्रजांसारखी कायमची आडनावं धरली. आप र्‍हीसचं झालं प्राइस, आप हवेलचं पॉवेल, आप ह्यूचं प्यू, आप हॅरीचं पॅरी, आब ओवाइनचं बोवेन, आब येयानचं बेव्हन. हे कळलं तेव्हा मला जाम मजा आली, म्हणजे "आप"चा "प" आणि "आब"चा "ब" पुढच्या नावाला चिकटून आडनाव झालं.

आता यातून दोन चुका होतात. एक, सख्ख्या भावांची आडनावं वेगवेगळी झाली. एकानं बापाचं नाव धरलं, दुसऱ्यानं आज्याचं, तिसऱ्यानं टोपणनाव. मग नंतरच्या वंशावळकारानं त्यांना तीन परकी घराणी समजून टाकलं. दुसरी चूक बरोबर उलटी, सगळे जोन्स एकाच घराण्यातले धरले, जोन्स म्हणजे जॉनचा मुलगा, गावात जॉन पन्नास होते. म्हणून सोळाव्या शतकाच्या मागं जाताना आडनाव धरून शोधायचंच नाही. बापाचं नाव, आज्याचं नाव आणि गाव, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच माणूस तोच. कुठल्या वंशावळीत १३०० सालच्या माणसाला प्राइस आडनाव लावलेलं दिसलं तर समजायचं की लिहिणाऱ्यानं खालचं आडनाव वर चढवलंय, ती ओळ पेन्सिलीनं गोल करा.

टोपणनावांचंही तसंच. वखन म्हणजे धाकटा, बहुतेक वेळा बापाचं आणि मुलाचं नाव एकच असलं की मुलाला लावायचे, त्याचं पुढं वॉन आडनाव झालं. हेन म्हणजे थोरला. गोख म्हणजे लाल, तांबड्या केसांचा, त्याचं गॉफ. लुइड म्हणजे करडा, त्याचं लॉइड. आता एका कागदात दाविद लुइड आहे, दुसऱ्यात दाविद आप येयान आहे, आणि वंशावळीत दोन दाविद एकाखाली एक बाप-लेक म्हणून बसवलेत. एकच माणूस असू शकतो ना? आपल्याकडं नाही का, कागदावर बाळकृष्ण आणि गल्लीत सगळे बाळू तांबडे म्हणतात, शंभर वर्षांनी कुणीतरी दोघांना भाऊ करणार.

आणखी एक, इंग्रज कारकून आणि लॅटिन लिहिणारे. येयानचा कागदावर जॉन झाला, इयोरवर्थचा एडवर्ड, लवेलिनचा लुइस, ग्रिफिदचा लॅटिनमध्ये ग्रिफिनस. एकाच माणसाची ही तीन रूपं वेगवेगळ्या दप्तरात सापडतात. वहीच्या शेवटच्या पानावर अशा जोड्यांची यादी करून ठेवा, रोज लागते.

गणित करा, गणित खोटं बोलत नाही

माझी स्वतःची फजिती आधी सांगतो. आमच्या भावकीची वंशावळ मी पहिल्यांदा लावली तेव्हा दोन रामचंद्र एक करून टाकले. आज्याचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळं एकाआड एक पिढीत रामचंद्र, गणपती, रामचंद्र, गणपती. मी मोठ्या थाटात चार्ट छापून भावकीच्या जेवणात वाटला, आणि चुलतीनं सगळ्यांसमोर विचारलं, "व्हय रं, तुझा पणजा त्याच्या बापाच्या आधी सा वर्सं जन्माला आला?" तेव्हापासून प्रत्येक नावापुढं अंदाजे साल लिहिल्याशिवाय मी पुढं जात नाही.

पद्धत सोपी आहे. बाप ते लेक सरासरी तीस ते तेहतीस वर्षं धरायची. सूनबाईंच्या वंशावळीत वरती ब्लेद्दिन आप कन्विन, हा खरा राजा, १०७५ साली मारला गेला. खाली १५८६ सालचा एक माणूस, ज्याचा पुरावा पक्का. मध्ये पिढ्या किती दाखवल्यात तर अकरा. ५११ वर्षं भागिले अकरा, म्हणजे एका पिढीला साडेसेहेचाळीस वर्षं. एखाद्या बापाला साठाव्या वर्षी मुलगा होतोय, मान्य, पण ओळीनं अकरा जणांना शेहेचाळिसाव्या वर्षी? तिथं पंधरा ते सतरा पिढ्या पाहिजेत, म्हणजे चार-सहा माणसं गळलीत. उलटंही असतं, पिढ्या जास्त आणि वर्षं कमी, मग बाप बारा वर्षांचा निघतो, तिथं एकच माणूस दोनदा बसवलाय असं समजायचं.

माणसं गळतात कशी? बहुतेक वेळा लबाडी नसते, डोळा घसरतो. दाविद आप येयान आप दाविद आप येयान आप ग्रिफिद असं लिहिलेलं असतं, उतरवणारा पहिल्या येयानपर्यंत लिहितो, मान वर करतो, परत बघतो तेव्हा नजर दुसऱ्या येयानवर जाते आणि तिथून पुढं सुरू. दोन पिढ्या गायब. मोडीच्या नकला केल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून पिढ्या कमी पडत असतील तर आधी बघायचं की वंशावळीत सारखी नावं कुठं येतात, गळती नव्वद टक्के तिथंच असते. हे नव्वद टक्के माझ्या अनुभवाचे बरं का, कुणी मोजलेले नाहीत.

सारख्या नावांवरून आठवलं, आपल्याच गादीचं बघा. ताराराणींचे चिरंजीव शिवाजी, थोरल्या महाराजांपासून मोजलं तर दुसरे शिवाजी, कोल्हापूरच्या गादीवर मोजलं तर पहिले. एका पुस्तकातला "तिसरा" दुसऱ्या पुस्तकातला "दुसरा". आणि १७४९ ला वारलेले साताऱ्याचे थोरले शाहू आणि आपले राजर्षी शाहू, यांच्यात सव्वाशे वर्षांचं अंतर असून लोक फोटोखाली भलतीच माहिती टाकतात. आकडा बघून माणूस ओळखायचा नाही, बाप आणि साल बघून ओळखायचा.

सालाचीही गोम आहे. आपल्याकडं शकात ७८ मिळवायचे, पण पौष-माघाची तारीख असेल आणि जानेवारी उजाडला असेल तर ७९. तिकडं १७५२ पर्यंत नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे रजिस्टरात फेब्रुवारी १७०० लिहिलं असेल तर आपल्या हिशोबानं ते १७०१. त्यामुळं पोरगं एप्रिल १७०० ला जन्मलं आणि फेब्रुवारी १७०० ला वारलं असं दिसतं, लोक म्हणतात चूक आहे, दोन मुलं असणार, आणि एक जास्तीचं मूल वंशावळीत घालून मोकळे होतात. चूक काही नाही, पोरगं दहा महिन्यांचं होऊन गेलं बिचारं.

कुणी लिहिलं, कशासाठी लिहिलं

हा भाग मला सगळ्यात आवडला. वेल्स लोक एवढ्या वंशावळी का लक्षात ठेवायचे? हौस म्हणून नाही, जमिनीसाठी. हवेल दा नावाचा राजा दहाव्या शतकात होऊन गेला, त्याच्या नावानं ओळखला जाणारा कायदा पुढं शेकडो वर्षं चालला. त्यात बापाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटायची, आणि पुढं चुलत भाऊ, त्याच्याही पुढं पणजोबा एक असलेले चुलत-चुलत भाऊसुद्धा परत वाटणी मागू शकायचे. म्हणजे पणजोबा कोण हे माहीत नसेल तर जमीन गेली. खून झाला तर भरपाईसुद्धा नात्यातल्या लांबलांबच्या लोकांनी मिळून द्यायची आणि घ्यायची. आता आपल्या भावकीतल्या वाटणीचे वाद आठवा, सात-बारा काढून बसलेले काका आठवा, मग लगेच कळतंय की जवळच्या चार पिढ्यांबद्दल हे लोक सहसा चुकत नसणार, कारण चुकीचं सांगितलं तर समोरचा भाऊबंद उठून उभा राहायचा.

पण १४८५ ला हेन्री ट्यूडर इंग्लंडचा राजा झाला, तो वेल्श वंशाचा, आणि मग सगळ्यांनाच मोठ्या वंशाची हौस आली. जमिनीची जुनी वाटणी कायद्यानं बंद झाली, वंशावळ आता मानासाठी. हे काम करणारे कवीच होते, घरोघरी जायचे, धन्याची स्तुती गायचे, वंश लिहून ठेवायचे, बिदागी घ्यायचे. आपला हेळवी सुगी झाली की बैल घेऊन येतोय, दारात उभं राहून सात पिढ्या म्हणतोय, धान्य-कपडे घेऊन जातोय, डिट्टो. आता बिदागी देणाऱ्याला "तुमचा खापर-पणजा साधा शेतकरी होता" असं कोण सांगेल?

त्यातला मोठा माणूस लेविस डुन. १५८६ साली त्याला वेल्ससाठी उप-हेरल्ड नेमलं, हेरल्ड म्हणजे ढाली आणि वंश तपासणारा अधिकारी, आणि त्यानं पंचवीसेक वर्षं वेल्सभर फिरून घराण्यांच्या वंशावळी लिहिल्या. त्याच्या वह्या पुढं १८४६ ला छापल्या गेल्या आणि तेव्हापासून सगळे तेच उतरवतात. वापरायचं कसं सांगतो. डुन ज्याच्या घरी गेला त्या माणसाबद्दल, त्याच्या बायकोबद्दल, बाप-आज्याबद्दल जे सांगतो ते चांगल्या प्रतीचं, कारण समोर बसून विचारलेलं. त्याच घराण्याच्या अकराव्या शतकातल्या मूळपुरुषाबद्दल जे सांगतो ते त्याच्या आधीच्या कवींच्या वह्यांमधून आलेलं. एकाच पानावर दोन्ही असतं, पण वहीत त्याला दोन वेगळे दर्जे द्यायचे. आणि छापील पुस्तकात वाचनाच्या चुका आहेत हे विसरायचं नाही, शंका आली तर मूळ हस्तलिखित गाठायचं, जुनी हस्तलिखितं बरीचशी वेल्समधल्या अॅबेरिस्टविथ गावच्या नॅशनल लायब्ररीत आहेत.

एकदम वरची टोकं तर बघायलाच नकोत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत साधारण ११०० च्या सुमाराची एक लॅटिन पोथी आहे, वेल्सच्या सगळ्यात जुन्या वंशावळी त्यात आहेत, आणि त्यात वरती बेली म्हणून एक पुरुष, त्याची आई अॅना, आणि ही अॅना म्हणे येशूच्या आईची चुलत बहीण. आपल्याकडं सूर्यवंश-चंद्रवंशापासून सुरुवात करतात तसं. हे खोडायचं नाही, त्या काळच्या लोकांना स्वतःबद्दल काय वाटत होतं ते त्यातून कळतं. फक्त तिथं एक आडवी रेघ मारायची आणि रेघेच्या वर "कथा" असं लिहायचं.

लबाडीही असते मात्र. योलो मोर्गानुग नावाचा गृहस्थ, १७४७ ते १८२६, दक्षिण वेल्सच्या ग्लॅमॉर्गनचा, प्रचंड विद्वान, आणि तेवढाच प्रचंड बनावट कागद तयार करणारा. जुन्या हस्तलिखितांची नक्कल म्हणून स्वतःच रचलेलं घुसडायचा, आणि ते विसाव्या शतकात नीट उघडकीला आलं. तुमच्या वंशावळीत ग्लॅमॉर्गनचं काही असेल आणि ते योलोच्या आधीच्या कुठल्याच कागदात सापडत नसेल तर ती ओळ तशीच बाजूला काढा.

आणि हो, लग्नाशिवाय झालेली मुलं. जुन्या वेल्श कायद्यात बापानं मान्य केलं की त्या मुलाला इतरांसारखाच वाटा मिळायचा, लपवायचं कारणच नव्हतं. नंतरच्या इंग्रजी वळणाच्या वंशावळकारांना ते खुपलं, मग त्यांनी अशी मुलं गाळली, नाहीतर त्यांच्या आईला दुसरी बायको करून टाकलं. एकाच माणसाच्या आईची दोन नावं दोन वंशावळींत दिसली तर हे कारण असू शकतं. आपल्याकडं याच जागी दत्तक येतो. राजर्षी शाहू कागलच्या घाटग्यांच्या घरचे यशवंतराव, १७ मार्च १८८४ ला कोल्हापूरच्या गादीला दत्तक आले. वंशावळीत अशा जागी एक सरळ रेघ रक्ताची आणि एक तुटक रेघ हक्काची काढायची, दोन्ही दाखवायच्या, एक पुसून दुसरी काढली की पुढच्या माणसाला गणित लागत नाही.

आता ढाली

सूनबाईंच्या आजोबांचा सगळा जीव ढालींवर. सोनेरी जमिनीवर तांबडा सिंह, तो ब्लेद्दिन आप कन्विनचा, म्हणून आम्ही त्याचे वंशज, असं त्यांचं म्हणणं. इथं फार जपून बोलावं लागलं. ढालीवर वंशपरंपरेनं चालणारं चिन्ह ठेवायची पद्धतच युरोपात बाराव्या शतकाच्या मध्यावर सुरू झाली. ब्लेद्दिन १०७५ ला गेला. त्यानं असली ढाल बघितलीसुद्धा नव्हती, ती त्याला नंतरच्या लोकांनी चिकटवली. वेल्समध्ये पाच राजकुळं आणि ग्विनेद प्रांतातली पंधरा कुळं अशी मांडणी नंतर कवींनी केली, प्रत्येकाच्या मूळपुरुषाला एकेक ढाल दिली, आणि त्या कुळातल्या सगळ्या शाखांनी ती वापरली. म्हणजे काम आपल्या देवकासारखं. देवक एक म्हणजे लग्न होत नाही, कुळ एक मानतात, पण देवक एक आहे म्हणून तुमचा पणजा आणि माझा पणजा सख्खे भाऊ हे सिद्ध होतंय का? तसंच इथं. ढाल सारखी असली तर एवढंच कळतं की हे घराणं स्वतःला त्या कुळातलं समजत होतं. आणि ते कधीपासून समजत होतं हे सांगणारा ढालीचा सगळ्यात जुना पुरावा शोधायचा, मोहोर, थडग्याचा दगड, काहीही, पण साल असलेलं.

तीन मुंडक्यांची ढाल एदनेवेद वखनची, हा लवेलिन राजाचा कारभारी, १२४६ ला वारला, ट्यूडर राजे याच्याच वंशातले. गोष्ट अशी की लढाईत त्यानं तीन इंग्रज सरदारांची डोकी उडवली. खरं-खोटं देव जाणे, पण ती ढाल दिसली की वंशावळीत त्याच्याकडं जाणारी रेघ कुठून येते ते तपासायचं, बरेचदा ती बायकोकडून आलेली असते.

हे बायकोकडून येणं नीट समजून घ्या कारण ढाल तपासायचं सगळ्यात उपयोगी हत्यार तेच. ढालीचे चार, सहा, आठ भाग केलेले असतात, त्यातला पहिला भाग बापाकडचा. बाकीचा एकेक भाग म्हणजे घरात आलेली अशी बायको, जिला भाऊ नव्हता, म्हणून तिच्या बापाची ढाल तिच्याबरोबर आली. तर प्रत्येक भागासमोर बोट ठेवायचं आणि वंशावळीत विचारायचं, ही बाई कोण, तिचा बाप कोण, तिला भाऊ होता का? भाऊ सापडला आणि त्याचा वंश पुढं चालला असेल तर तो भाग चुकीचा घेतलाय. बाईच सापडली नाही तर वंशावळीतून एक लग्न गळलंय. आमच्या फ्रेममध्ये सहा भागांपैकी दोन भागांच्या बायका वंशावळीत नव्हत्याच, आणि त्यातली एक पुढं मृत्युपत्रात सापडली. म्हणजे ढालीनंच वंशावळीची चूक दाखवून दिली.

रंगांच्या चुका तर विचारू नका. जुन्या पानांवर घाईत काढलेल्या ढालीत रंग न भरता अक्षरं लिहायचे. चांदीला "एआर", निळ्याला "एझेड", आणि जुन्या अक्षरात ती दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात, म्हणून जाणते लोक निळ्याला नुसतं "बी" लिहायचे. चांदीची निळी झालेली ढाल दिसली तर इथं बघा. दुसरं, चांदीचा खरा वर्ख लावलेला असेल तर तो काळवंडतो, मग नक्कल करणारा त्याला काळा रंग समजतो. आपल्या देव्हाऱ्यातली चांदी सणाआधी घासावी लागतीच की. छापील काळ्या-पांढऱ्या चित्रात रेघांवरून रंग कळतो, ठिपके म्हणजे सोनं, कोरं म्हणजे चांदी, उभ्या रेघा तांबडा, आडव्या निळा, ही पद्धत १६३० च्या दशकातली, त्याच्या आधीच्या चित्रात रेघा असल्या तर त्या नुसत्या सजावटीच्या असू शकतात.

डावं-उजवं तर हमखास चुकतं. ढालीचं उजवं म्हणजे ढाल धरणाऱ्याचं उजवं, बघणाऱ्याचं डावं. सिंहाचं तोंड सहसा बघणाऱ्याच्या डाव्या बाजूला असतं. सगळेच प्राणी उलटे बघत असतील तर घाबरायचं नाही, फोटो उलटा छापलाय किंवा मोहोरेच्या साच्यावरून चित्र काढलंय, साचा उलटाच कोरलेला असतो. नवरा-बायकोच्या जोडढालीत मात्र असं उलटं झालं की नवऱ्याचं घराणं बायकोचं होऊन बसतं, तिथं लक्ष ठेवा.

आडनाव टाकलं की ढाल छापलेला चहाचा मग देणारी दुकानं तिकडं ढिगानं आहेत. इंग्लंड-वेल्सच्या रिवाजात ढाल माणसाला आणि त्याच्या वारसांना मिळते, आडनावाला मिळत नाही. लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स, म्हणजे ढालींचा कारभार बघणारी संस्था, १४८४ पासूनची, हेच सांगते. हसू नका, आपल्याकडं गाडीच्या काचेवर काय काय चिकटवलेलं असतं ते रंकाळ्यावर संध्याकाळी उभं राहून बघा. आणि आपल्या संस्थानिकांच्या ज्या युरोपी थाटाच्या ढाली दिसतात, त्यातल्या बऱ्याचशा १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालच्या एका इंग्रज अधिकाऱ्यानं काढलेल्या डिझाइनवरून आल्यात.

पुरावा कुठं गाठायचा, थोडक्यात. मृत्युपत्रं सगळ्यात भारी, १८५८ पर्यंतची चर्चच्या कोर्टातली नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्सकडं आहेत, ऑनलाइन फुकट दिसतात. जमिनीचे करार, कारण त्यात माणूस जिवंत असताना त्याची आप-आपची पूर्ण आगगाडी लिहिलेली असते. १५०० च्या मागं जायचं तर बार्ट्रम नावाच्या माणसाचं काम, व्यवसायानं हवामानशास्त्रज्ञ, रिकाम्या वेळात २६ खंड भरतील एवढ्या वेल्श वंशावळी त्यांनी हस्तलिखितांवरून लावल्या, अॅबेरिस्टविथ विद्यापीठानं ते इंटरनेटवर ठेवलंय. तेही वाचताना एवढं ध्यानात ठेवा की हस्तलिखित काय म्हणतं ते तिथं आहे, हस्तलिखित चुकलं असेल तर चूकही तिथं आहे. बाकी इंटरनेटवरच्या तयार वंशावळींत एकच गोष्ट वीस ठिकाणी दिसली म्हणून वीस साक्षीदार मोजू नका, एकानं टाकलेलं एकोणीस जणांनी ओढलेलं असतं, चूक स्पेलिंगसकट सारखी असली की खात्रीच समजा.

दुरुस्ती करताना मूळ कागदाला हात लावायचा नाही. वेगळ्या कागदावर लिहायचं, कुठली जोडी, जुन्या कागदात काय, आपल्याला काय सापडलं, कुठं, आणि आजची तारीख. जिथं माणसं गळलीत तिथं रिकामे चौकोन ठेवायचे. चौकोन रिकामा दिसला की हात शिवशिवतात, एखादा दाविद कुठून तरी आणून बसवावासा वाटतो, बसवू नका. आणि घरच्या म्हाताऱ्या माणसाला "तुमचं चुकलंय" म्हणून सुरुवात करायची नाही. आम्ही आजोबांना आधी ती मृत्युपत्रात सापडलेली बाई दाखवली, त्यांना त्यांच्या घरची एक हरवलेली आजी मिळाली, मग पुढचं ऐकायला ते तयार झाले.

आत्ता परिस्थिती अशी आहे की १५८६ च्या माणसापासून खाली सगळं पक्कं, त्याच्या वर चार पिढ्या बऱ्यापैकी, त्याच्या वर फ्रेममधली बाकीची कच्ची नावं, मध्ये पाच रिकामे चौकोन आणि मग तांबडा सिंह. आजोबांनी फ्रेम तशीच ठेवलीय, आमचा कागद तिच्या मागं चिकटवलाय. परवा व्हिडिओ कॉलवर त्यांनी पुतण्याकरवी विचारलं, तुमच्या घराण्याची ढाल कुठाय. मी म्हटलं ढाल नाही, देवक आहे, पंचपल्लव, पाच झाडांची पानं. त्यांनी लगेच कागद घेतला आणि कुठली पाच, रंग कुठला, पानांची टोकं वर की खाली, असं विचारायला लागले. मला टोकांचं सांगता येईना. सुगी झाली की हेळवी येतोच, त्याला विचारून कळवतो म्हटलंय.